अंतसमयीची सोबत आणि निर्यापकाचे कर्तव्य

दुकान वाढवण्यापूर्वी गल्ला मोजावा, देणे-घेणे वहीत चढवावे, ही शिस्त व्यापारी घरात बालपणापासून अंगवळणी पडते. आयुष्याचा व्यवहार आवरण्याची वेळ येते तेव्हा मात्र तेच घर गोंधळून जाते. डॉक्टरांचे निदान रुग्णापासून लपवले जाते. त्याच्या खोलीत हवापाण्याच्या गप्पा होतात आणि दाराबाहेर डोळे पुसले जातात. ज्याला सर्वाधिक बोलायचे असते, तोच एकटा पडतो.

जैन परंपरेने या एकटेपणाचा विचार फार पूर्वी केला आहे. आचार्य शिवार्य यांच्या ‘भगवती आराधना’ या प्राकृत ग्रंथात समाधिमरणाची साधना करणाऱ्यास ‘क्षपक’ आणि त्याची परिचर्या करणाऱ्या मुनींना ‘निर्यापक’ म्हटले आहे. उत्तम व्यवस्थेत निर्यापकांची संख्या 48 सांगितली आहे. चौघांनी त्यास उठवावे, बसवावे, कुशीवर वळवावे. चौघांनी धर्मकथा सांगावी. चौघांनी मलमूत्राची स्वच्छता करावी. चौघांनी रात्री जागावे, अशी ही विभागणी आहे. प्रतिकूल काळात ही संख्या घटते. तथापि दोहोंपेक्षा कमी निर्यापक नसावेत, असे बंधन आहे. एकटाच निर्यापक आहारासाठी गेला तर क्षपक निराधार होतो. न गेला तर तो स्वतःच खचतो.

आधुनिक वैद्यकाला हे भान विसाव्या शतकात आले. परिचारिका, समाजसेविका आणि पुढे डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणासन्न माणसाची वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, नात्यांची आणि आत्मिक अशी ती चतुर्विध असते, असे त्यांनी मांडले. मुंबईत वांद्रे येथे 1986 मध्ये ‘शांती अवेदना सदन’ उभे राहिले. भारतातील हे पहिले हॉस्पिस होय. अशी सेवा मृत्यू लवकर आणत नाही आणि लांबवतही नाही. वेदना शमवून ती रुग्णाच्या सोबत राहते.

तत्त्वार्थसूत्रात सल्लेखनेचे पाच अतिचार सांगितले आहेत : जीविताशंसा, मरणाशंसा, मित्रानुराग, सुखानुबंध आणि निदान. जगण्याची हाव हा जसा दोष, तशीच मरणाची घाई हाही दोषच. सल्लेखना हे गुरूंच्या अनुज्ञेने, स्वेच्छेने घ्यावयाचे व्रत आहे; ते कोणावर लादता येत नाही. सोबतीचा अधिकार मात्र व्रत न घेतलेल्या रुग्णासही तितकाच आहे.

आज बहुतेक घरांत ही सारी परिचर्या एकट्या पत्नीवर किंवा सुनेवर पडते. पुरुष औषधांचे पैसे देतात, मोठ्या रुग्णालयाची व्यवस्था करतात आणि कर्तव्य पार पडले असे मानतात. दोन निर्यापकांचे बंधन अशा घरांनीच प्रथम आठवावे. मुलाने एक रात्र जागावी, भावाने दुपारी तासभर बसावे, नातवाने णमोकार मंत्र म्हणावा. सेवा वाटून घेतली की ती टिकते.

आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अंतसमयी स्नेह, वैर आणि परिग्रह सोडून स्वजन व परिजन यांना क्षमा करावी आणि प्रिय वचनांनी क्षमा मागावी, असे सांगितले आहे. परिजनांत घरचे नोकरही आले. पेढीच्या वाटणीवरून अबोला धरलेल्या भावांसाठी याहून महत्त्वाचे काम दुसरे नाही. पर्युषणात शेकडो जणांना क्षमापनेचे संदेश धाडणारा माणूस सख्ख्या भावाच्या उशाशी जाताना अडखळतो. तिथे मध्यस्थी करून दोघांना समोरासमोर बसवणे, हेही निर्यापकाचेच कार्य आहे.

उशाशी बसणाऱ्याजवळ मोठे ज्ञान असावे लागत नाही. “बरे व्हाल” असा खोटा धीर देण्यापेक्षा “काय मनात आहे?” असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. रुग्णास सत्य जाणून घ्यायचे असेल तर ते हळुवारपणे सांगावे. नको असेल तर आग्रह धरू नये. धर्मवचन त्याला हवे तेवढेच ऐकवावे. शब्द संपले तर हात हाती घेऊन बसावे. वैयावृत्त्य हे अंतरंग तपांत गणले आहे. ते करण्यासाठी घरापासून दूर जावे लागत नाही.