पडकं घर घेताय? इसार देण्याआधी हे वाचा

"सर, जुनं पडकं घर स्वस्तात मिळतंय. दुरुस्त करून विकलं तर परवडेल का?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. परवडतं. पण फायदा रंगरंगोटीत नसतो, तो घर घेतानाच ठरतो. हे मी ५० हजार रुपये गमावून शिकलो.

चंद्रपूरच्या जुन्या शहरात, परकोटाला लागून एक घर पाहिलं. कवेलू खचलेले, भिंतीत पिंपळ उगवलेला, पण सागवानी खांब ठणठणीत. ८ लाखांत सौदा ठरला. पुढचा भाग पाडायचा आणि दोन गाळे काढायचे, असा माझा हिशोब. इसार दिला आणि मग चौकशीला गेलो. चूक इथेच झाली.

परकोट हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या कायदा दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. १६ जून १९९२ च्या आधीचं घर असेल तर दुरुस्ती करता येते, पण तीही परवानगी घेऊनच. गाळेच होणार नाहीत म्हटल्यावर हिशोब संपला. सौदा सोडला, इसार बुडाला.

म्हणून घर स्वस्त दिसलं की आधी विचारा, स्वस्त का?

शहरात असेल तर नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका काढा. जागा नझूलची असेल तर भाडेपट्ट्याची मुदत बघा. गावात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ घ्या, पण तेवढ्यावर मालकी ठरवू नका. गडचिरोली किंवा जिवतीकडे जात असाल तर आणखी एक गोष्ट बघा. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि त्याआधी शासनाची मान्यता. "नंतर करून देऊ" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

घर भर पावसाळ्यात बघा, गळती लपत नाही. इरईच्या काठी असेल तर पुराचं पाणी कुठवर येतं, ते शेजाऱ्याला विचारा. वासे टोकरून बघा, वाळवी आतून पोखरते.

मग कागदावर मांडा: खरेदी, मुद्रांक शुल्क, नोंदणी, दुरुस्ती आणि विकेपर्यंतचं व्याज. दुरुस्तीचा आकडा २० टक्के वाढवून धरा. विक्रीची किंमत मात्र मनातली नको. त्याच गल्लीत झालेल्या व्यवहाराची धरा. एवढं करून चार पैसे उरत असतील, तरच खिशात हात घाला.