पावसाळ्यापूर्वी कयाक कशी ठेवावी



शाळेच्या नौका गटाकडे प्लॅस्टिकच्या दोन कयाक आहेत. कयाक म्हणजे एकट्याने बसून, दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट लोक ती सीलच्या कातड्याने मढवून बनवीत. आपल्याकडे दांडेलीला काळी नदीवर किंवा मालवणजवळ तारकर्लीला गेलेल्यांनी ती पाहिली असेल.

गेल्या साली आमच्या हातून चूक झाली. मेअखेर वळवाने गाठले म्हणून आम्ही दोन्ही कयाक ओल्याच शेडमध्ये ओढल्या, वर प्लॅस्टिकचा कागद गच्च बांधला आणि चार महिने तिकडे फिरकलो नाही. ऑक्टोबरात उघडले तो आत काळी बुरशी, कुबट वास आणि आसनाखाली उंदराचे घर. होड्या घासून स्वच्छ झाल्या. पण लाइफ जॅकेट घालताना सातवीतल्या एका मुलीने पट्टा ओढला आणि तो बक्कलापाशी तुटून हातात आला. उंदराने शिवण कुरतडलेली वरून दिसली नव्हती. तिचे पाय अजून काठावरच होते, म्हणून बरे. यंदा हे लिहिण्याचे कारण तेच.

परदेशी पुस्तकांतून कयाक हिवाळ्यासाठी ठेवायची रीत दिलेली असते, कारण तिथे आत राहिलेले पाणी गोठण्याची भीती. आपल्या बेळगाव-निपाणी भागात बर्फ नाही. आपले शत्रू दोन : एप्रिल-मेचे ऊन आणि मृगापासूनची ओल. ओलीचे महत्त्व निपाणीकरांना आम्ही काय सांगावे! तंबाखूच्या वखारी सांभाळलेली माणसे आपल्या घराघरांत आहेत.

आधी उन्हाचे पाहू. आपल्या कयाक पॉलिइथिलीनच्या आहेत. गच्चीवरची पाण्याची टाकी ज्या रीतीने साचा फिरवून बनवतात, त्याच रीतीने याही बनतात. टाकी बहुधा काळी असते, कारण त्यातील काजळी प्लॅस्टिकचे उन्हापासून रक्षण करते. लाल-पिवळ्या कयाकमध्ये ती काजळी नसते. कारखान्यात उन्हाला तोंड देणारी द्रव्ये मिसळतात खरी, पण ती कायम पुरत नाहीत. वर्षानुवर्षे उन्हात पडलेली कयाक फिकट होते, मग ठिसूळ होते आणि दगडावर आपटताच तडकते. शिवाय तापलेले प्लॅस्टिक मऊ पडते. एकाच ठिकाणी भार आला की तळाला खळगा पडतो. गंमत अशी, की असा खळगा घालवायलाही ऊनच कामी येते. कयाक थोडा वेळ उन्हात तापू दिली की तो पुष्कळदा आपोआप भरून येतो.

आता धुण्याचे. गोडे पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण एवढे पुरे. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही लावू नये. काथ्याने घासू नये, जुन्या बनियनचा बोळा उत्तम. बाहेरचा भाग सगळेच चकचकीत करतात, खरा मळ आत असतो. पाय टेकवायची पट्टी ज्या खाचेत सरकते तिथे वाळू दडते आणि पट्टी अडकते. ती काढून खाच धुवावी. कारवार-मालवणकडे खाऱ्या पाण्यात गेलेली कयाक तर त्याच दिवशी धुवायला हवी, नाहीतर नट-बोल्ट गंजतात.

धुताना जलपर्णीचा तुकडा चिकटलेला नाही ना, हेही पाहावे. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीने पंचगंगेचे काय केले ते आपण पाहतोच. तिचा एखादा कोंब दुसऱ्या तलावात पडला तरी पसरायला पुरतो. न्यूझीलंडमध्ये 2004 साली नद्यांत एक परके शेवाळ सापडले, तेव्हापासून तिथे होडी तपासून, धुऊन, वाळवूनच दुसऱ्या पाण्यात नेण्याचा आग्रह धरतात.

वाळवणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम. बूच व झाकणे काढून कयाक सावलीत दोन दिवस पालथी ठेवावी, कोपऱ्यातले पाणी स्पंजने टिपावे. वल्ह्याचे दोन भाग सुटे करावेत, नाहीतर जोड घट्ट बसतो. वाळल्यावरही झाकणे घट्ट लावू नयेत. प्लॅस्टिकच्या कागदाऐवजी जुने सुती लुगडे बांधावे. हवा खेळते आणि कुंभारीण माशी आत मातीचे घर करीत नाही. कोकणात मच्छीमार पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारतात, त्यातही हवा खेळती राहतेच.

ठेवताना ट्रकचे दोन जुने टायर घेऊन त्यांवर कयाक पालथी ठेवावी. टोकांच्या मुठींना दोर बांधून टांगली तर मध्ये वाकते.

लाइफ जॅकेट मात्र शेडमध्ये ठेवू नये. त्यावर काही रचूही नये, आतला फोम दबला की तरंगण्याची ताकद कमी होते. यंदा जॅकेटे ग्रंथालयातील लोखंडी कपाटात टांगायची ठरवली आहेत. विश्वस्तांनी तेवढा एक खण मोकळा करून द्यावा, ही विनंती. तत्पूर्वी प्रत्येक पट्टा दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहायचा आहे.

एक गोष्ट पालकांसाठी. 2019 व 2021 च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेच्या पाण्याने महामार्ग बंद पडला होता. अशा वेळी शाळेच्या होड्या काढा, असे मुले म्हणतील. पूर्वी पुरात गुऱ्हाळाच्या काहिलीतून माणसे नेल्याच्या गोष्टी घरोघरी सांगतात, त्यामुळे त्यांना हुरूपही येतो. पण कयाक ही पुराच्या पाण्याची होडी नव्हे. म्हणून पावसाळाभर शेडची किल्ली कार्यालयातच राहील.

ऑक्टोबरात शेड उघडताना हातमोजे घालावेत, कारण उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. आणि पालथी कयाक उचलण्याआधी काठीने दोनदा ठोकावी. खाली सापही गारव्याला बसलेला असतो.