पन्नाशीनंतरची तपासणी

स्तनाच्या कर्करोगाविषयी चारचौघांत बोलणे संकोचाचे मानले जाते. परंतु माणिकपूर-वसईच्या कष्टकरी भगिनींच्या दृष्टीने हा प्रश्न मजुरीइतकाच जिव्हाळ्याचा आहे. म्हणून आम्ही तो येथे मांडतो.

पाळी थांबली की ही काळजी मिटली, असा समज सर्रास आढळतो. वस्तुस्थिती उलट आहे. वयाबरोबर धोका वाढतो. पाळी चालू असताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक मुख्यतः बीजकोशांत तयार होते. पुढे ते शरीरातील चरबीत तयार होते. म्हणूनच या वयातील वाढते वजन घातक. मद्यानेही धोका वाढतो, नित्याच्या व्यायामाने घटतो. पाळी जाताना संप्रेरकांच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

एवढे करूनही रोग होणारच नाही, अशी हमी नाही. मग उपाय कोणता? परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रियांची पाहणी आरंभिली. त्यांपैकी निम्म्यांचे स्तन शिकविलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी तपासले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याखालील वयात मात्र तसा लाभ दिसला नाही.

गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून ती अंगावर काढली जाते. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण तो निवाडा डॉक्टरांचा. रोज बुडेल या भीतीने तपासणी टळते. तेव्हा दोन वर्षांतून एक दिवस भरपगारी रजा, ही मागणी प्रत्येक मागणीपत्रात असलीच पाहिजे.