वर्गातलं नाट्य : पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाळेत ‘नाटक’ म्हटलं की स्नेहसंमेलन आठवतं: पाठांतर, भाड्याचे पोशाख आणि निवडून घेतलेली दहा-बारा मुलं. शिकवण्याची पद्धत म्हणून वर्गात होणारं नाट्य वेगळं असतं. त्यात वर्गातली सगळी मुलं असतात, प्रेक्षक नसतात आणि विषय समजून घेणं हा एकच हेतू असतो. हा फरक ध्यानात न आल्यामुळे अनेक वर्ग एका फार चांगल्या साधनाला मुकतात.

गैरसमज १ : हे अलीकडचं फॅड आहे.
वस्तुस्थिती : इंग्लंडमधल्या सॉम्प्टिंग गावच्या शिक्षिका हॅरिएट फिन्ले-जॉन्सन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. आपल्याकडे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक गोष्टी, खेळ आणि नाट्यप्रयोग यांचाच आधार घेतो. गिजुभाईंसोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचा हा विचार महाराष्ट्रात रुजवला.

गैरसमज २ : त्यासाठी नाटकातला जाणकारच हवा.
वस्तुस्थिती : वर्गातल्या नाट्यावरच्या १९८५ ते २०१२ या काळातल्या ४७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेरून आलेल्या कलावंतांपेक्षा वर्गशिक्षकांनी घेतलेल्या तासांचा परिणाम त्यात अधिक दिसला. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ डॉरोथी हीथकोट शिक्षकालाच भूमिकेत उतरवत. शिक्षक म्हणतो, ‘मी या गावचा सरपंच. विहिरी आटल्यात. तुम्ही पाणीतज्ज्ञ, आता काय करायचं ते सांगा.’ इथे अभिनयकौशल्य लागत नाही. मुलांचं उत्तर मनापासून ऐकून घ्यावं लागतं.

गैरसमज ३ : वेळ जातो, अभ्यासक्रम मागे पडतो.
वस्तुस्थिती : दहा मिनिटंही पुरतात. पदार्थाच्या अवस्था शिकवताना मुलं कण होतात. स्थायूत खेटून उभी राहतात आणि जागच्या जागी थरथरतात, द्रवात एकमेकांजवळून सरकतात, वायूत वर्गभर पांगतात. मग प्रश्न विचारायचा: ‘वायू झाल्यावर तुम्ही मोठे झालात का?’ कण मोठे होत नाहीत, त्यांच्यातलं अंतर वाढतं, हे मुलं स्वतःच सांगतात. मात्र वर्षातून एकदा केलेल्या प्रयोगाने फार काही साधत नाही. वरच्या आढाव्यात एकूण पाच तासांहून अधिक काळ चाललेल्या उपक्रमांचे परिणाम जास्त ठळक होते.

गैरसमज ४ : हे धीट मुलांचं काम, लाजाळू मुलं मागेच राहतात.
वस्तुस्थिती : एकट्याला पुढे उभं केलं तर तसंच होईल. म्हणून कामाची सुरुवात लहान गटांत आणि न बोलता करावी. पाठातला एक क्षण गटाने स्थिरचित्रासारखा उभा करायचा. शिक्षकाने खांद्याला हात लावला की त्या पात्राच्या मनातलं एखादंच वाक्य बोलायचं. युरोपातल्या ‘डाइस’ प्रकल्पात १२ देशांतल्या ४,४७५ मुलामुलींचा अभ्यास झाला. शैक्षणिक नाट्यात नियमित भाग घेणाऱ्यांना वाचून समजून घेण्याबाबत आणि संवाद साधण्याबाबत अधिक आत्मविश्वास वाटत असल्याचं त्यात आढळलं.

गैरसमज ५ : प्रसंग हुबेहूब वठवला की तो समजला.
वस्तुस्थिती : हा समज सर्वांत घातक आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह शिकवताना अपमानाचे आणि मारहाणीचे प्रसंग वठवायला लावले, तर वर्गातल्याच एखाद्या मुलाच्या वाट्याला तो अपमान पुन्हा येऊ शकतो. त्यापेक्षा मुलांना वार्ताहर करावं आणि घटनाक्रम हाती द्यावा. १९२३ : सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर. १९२४ : तळं खुलं करण्याचा महाड नगरपालिकेचा ठराव. २० मार्च १९२७ : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह. १९३७ : उच्च न्यायालयाचा सत्याग्रहींच्या बाजूने निकाल. आता वार्ताहरांनी बातमीसाठी प्रश्न काढायचे. ‘नगरपालिकेचा ठराव तर १९२४लाच झाला होता, मग १९२७मध्ये सत्याग्रह का करावा लागला?’ हा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला, की कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्षात मिळालेला हक्क यांतलं अंतर वर्गासमोर उघडं होतं. भूमिकेमुळे मुलाला प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळतो आणि विषयापासून सुरक्षित अंतरही राहतं.

नुसतं वठवणं म्हणजे समजणं नव्हे, म्हणून नाट्य संपल्यावर भूमिका उतरवून चर्चेला वेळ ठेवलाच पाहिजे. काय पाहिलं, काय खटकलं, पुस्तकात काय वेगळं आहे, हे मुलांनी बोलायला हवं. तास कमी असेल तर नाट्य आवरतं घ्यावं, पण चर्चा गाळू नये. शिकणं तिथेच पक्कं होतं.