न वापरलेल्याचे मोल

साखर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात वाण्याने खोबरेलही मारले, तर ते गिऱ्हाईक दुकान बदलते. संगणकाच्या बाजारात मात्र हीच सक्ती ‘सोय’ म्हणून खपते. पत्र लिहिणे आणि गुणांची बेरीज करणे एवढेच ज्याचे काम, त्या शिक्षकालाही शेकडो सुविधांचा संच घ्यावा लागतो. आणि त्याची वर्गणी बहुधा दरसाल भरावी लागते.

यामागील अर्थशास्त्र जुनेच आहे. चित्रपटांच्या गठ्ठाविक्रीचे विवेचन करताना जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६३ मध्ये ते मांडले. समजा, शिक्षकाला लेखनाची सोय ५०० रुपयांची व तक्त्यांची १०० रुपयांची वाटते. कारकुनाचे नेमके उलट. प्रत्येक सोय सुटी ५०० रुपयांना विकली, तर विक्रेत्याला १,००० रुपये मिळतात. दोहोंचा संच ६०० रुपयांना विकला, तर १,२००. शिवाय आणखी एक प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तेव्हा गठ्ठा बांधणे म्हणजे लबाडीच, असे म्हणता येणार नाही. एकाला निरुपयोगी वाटणारी सुविधा दुसऱ्याची गरज असू शकते.

परंतु या व्यवहाराला न्याय्य म्हणायचे, तर लहान संचाचा पर्याय उघडपणे समोर हवा. ऑस्ट्रेलियात मायक्रोसॉफ्टने ‘कोपायलट’ हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक आपल्या संचात घातला आणि वैयक्तिक वर्गणी १०९ वरून १५९ डॉलरवर नेली. जुना, स्वस्त संच शिल्लक होता. पण वर्गणी रद्द करू लागल्यावरच तो दिसे, असा आरोप करून तेथील ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयात धाव घेतली. पुढे कंपनीने ग्राहकांची क्षमा मागून परतावा देऊ केला.

दुसरी किंमत पावतीवर दिसत नाही. ‘विंडोज ९५’ला किमान ४ मेगाबाइट स्मृती पुरत असे, ‘विंडोज ११’ला किमान ४ गिगाबाइट, म्हणजे हजारपट लागते. यंत्रे वेगवान होतात त्याहून जलद आज्ञावली सुस्त होतात, ही तक्रार निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच केली होती. ‘विंडोज १०’चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारी कित्येक धडधाकट यंत्रे एकाएकी जुनी ठरली. हा भुर्दंड महाविद्यालयांच्या तुटपुंज्या तरतुदीवर पडतो.

उपाय आवाक्यातला आहे. केरळच्या सरकारी शाळांतील संगणकशिक्षण अनेक वर्षे मुक्त आज्ञावलींवर चालते. ‘लिब्रेऑफिस’ मोफत आहे, आणि त्याचे खुले दस्तऐवज-स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. आपल्या कचेऱ्यांनी व विद्यापीठांनी एवढे तरी करावे: अर्ज आणि प्रबंध खुल्या स्वरूपात स्वीकारावेत आणि खरेदीपूर्वी कर्मचारी प्रत्यक्षात काय वापरतात, याची मोजदाद करावी. ग्राहकाला नकार देण्याची खरीखुरी मुभा असेल, तेव्हाच बाजारातील किंमत गरजेशी इमान राखते.