संघ मोडला, विद्या राहिली

भात कापून झाले की खाचरे मोकळी होतात. बारवी धरणाच्या आसपासच्या गावांत मग पोरे फुटबॉल घेऊन उतरतात. चेंडू जिकडे, सगळी पोरे तिकडे! आपला गोल राखायला मागे कोणी उरतच नाही. समोरचा गडी हळूच चेंडू मारतो आणि गोल होतो.

अशा वेळी कडेला उभा राहून सांगणारा जाणता माणूस लागतो. "तू इथे थांब. तू त्या गड्यावर नजर ठेव." अशा माणसाला प्रशिक्षक म्हणतात. तो खेळाचा गुरुजीच. आज अशाच एका गुरुजींची हकिकत वाचू या.

डेरिक परेरा हे गोव्याचे. जन्म 1962 सालचा. वास्को येथील साळगावकर संघात ते खेळत. या संघाने 1988 आणि 1989 असा लागोपाठ दोनदा फेडरेशन करंडक जिंकला. परेरा भारताच्या संघातूनही खेळले.

त्यांची जागा मागची, बचावाची. गोल मारणाऱ्याचे नाव होते. गोल वाचवणाऱ्याची आठवण कोण ठेवतो? पण शेताला जसा बांध, तसा संघाला मागचा गडी. बांध फुटला की पीक गेलेच. शिवाय मागच्या गड्याला सगळे मैदान समोर दिसते. कोण कुठे चुकला, ते त्याला कळते. हीच नजर पुढे परेरांच्या कामी आली. खेळणे थांबल्यावर ते प्रशिक्षक झाले.

प्रशिक्षक चेंडूला पाय लावत नाही. मग तो करतो काय? अकरा जणांत कोणाला घ्यायचे, कोणाला कुठे उभे करायचे, हे तो ठरवतो. दमलेल्या गड्याला बाहेर घेऊन ताजा गडी आत पाठवतो. संघ जिंकला तर लोक खेळाडूंना खांद्यावर घेतात. हरला तर पहिला जाब प्रशिक्षकाला विचारतात!

मुंबईत महिंद्र कंपनीचा फुटबॉल संघ होता. त्याचे नाव महिंद्र युनायटेड. परेरा त्याचे प्रशिक्षक झाले. 2005-06 च्या हंगामात या संघाने राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकली. मुंबईच्या संघाला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

2009 साली परेरा पुण्याच्या पुणे एफ. सी. या संघाकडे गेले. पुढच्याच वर्षी महिंद्रचा संघ कंपनीने बंद केला. इकडे पुण्याचा संघ 2012-13 मध्ये देशात दुसरा आला. पण 2015 नंतर तोही मोठ्या स्पर्धेत दिसला नाही. मग परेरांनी पुण्याच्याच शिवाजियन्स संघाला शिकवले. तो संघही 2017 साली संपला.

असे का होते? संघ चालवायला पैसा फार लागतो. खेळाडूंचा पगार, प्रवास, मैदान, सगळा खर्चच. तिकिटांच्या पैशांत तो भागत नाही. मालकाने हात आखडला की संघ मोडतो.

अंबरनाथ, उल्हासनगरच्या कामगारांना हे वेगळे सांगायला नको. कारखान्याला टाळे लागते तेव्हा घरात काय होते, ते त्यांना ठाऊक आहे. पण टाळे दाराला लागते, हातातल्या कसबाला लागत नाही.

परेरांचेही तसेच झाले. तीन संघ गेले, पण त्यांची विद्या गेली नाही. प्रशिक्षकालाही परीक्षा द्याव्या लागतात, बरे का! त्यांतली सर्वांत वरची 'प्रो' परवान्याची परीक्षाही ते पास झाले. डिसेंबर 2021 मध्ये गोव्याच्या एफ. सी. गोवा संघाचा परदेशी प्रशिक्षक हंगाम अर्ध्यावर टाकून गेला. तेव्हा संघाने परेरांनाच पुढे केले.

तुम्हीही मोठ्या वयात पाटी हातात घेतली आहे. जे शिकाल ते तुमचेच राहील. आणि गावच्या पोरांना कडेला उभे राहून सांगणारा कोणी हवा असेल, तर तोही तुमच्यातूनच निघू द्या.