शेवटच्या दारी थोडे अधिक थांबा

दुपारी बारा वाजता चर्चची घंटा वाजते. शेतावरचा मनुष्य हात धुतो, शाळेतील मूल डबा उघडते, गृहिणी पाने मांडू लागते. परंतु त्याच घंटेचा नाद पोहोचतो अशा टापूत काही घरे अशीही असतात की, जेथे या वेळी चूल थंड असते. आत एखादी आजी भिंतीला टेकून बसलेली असते. मुलगा आखातात, मुलगी पुण्यास, पती प्रभूघरी गेलेले. 'एकटीसाठी काय रांधायचे?' असे म्हणून तिने सकाळी चहात पाव बुडवून खाल्लेला असतो आणि रात्रीही बहुधा तेच व्हावयाचे असते. तिच्याजवळ पैसा नाही असे नाही. मुलगा दरमहा नेमाने पाठवितो. उणीव आहे ती रांधणाऱ्या हातांची. आणि त्याहूनही अधिक, समोर बसून 'आणखी थोडा भात घ्या' असे म्हणणाऱ्या माणसाची.

अशा घरी दुपारचे ऊन जेवण नेऊन देण्याची सेवा आपल्या धर्मग्रामांतून सुरू व्हावी, आणि सुरू झालेली टिकावी, याविषयी आज आम्ही वाचकांशी दोन शब्द बोलणार आहोत.

सन २०११ च्या जनगणनेत साठ वर्षे व त्यावरील वयाची माणसे आपल्या देशात दहा कोटींहून अधिक आढळली. आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकणारा कायदा २००७ साली झाला, हे चांगलेच झाले. परंतु कायदा फार तर पैसा देववील. पान वाढून देणे त्याच्या हाती नाही. वय झाले की जिभेची चव मंदावते, तहान लागली तरी कळत नाही, दात साथ सोडतात. त्यात एकटेपणाची भर पडली म्हणजे मनुष्य जेवणाचा कंटाळा करू लागतो. अन्न कमी झाले की स्नायू झिजतात, पाय लटपटतात, आणि एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरून हाड मोडते. शेजारीपाजारी म्हणतात, आजी पडली. खरे पाहता तिचे पडणे कित्येक महिने आधी, रिकाम्या ताटाशी सुरू झालेले असते.

ही सेवा आपल्या ख्रिस्तसभेस नवीन नाही. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाचा सहावा अध्याय वाचून पाहावा. यरुशलेमातील पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपाच्या वेळी ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी ती क्षुल्लक म्हणून झटकली नाही. त्यांनी सात सत्शील पुरुष निवडविले, त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि पंक्तीची व्यवस्था त्यांच्या स्वाधीन केली. त्या सातांतील एक म्हणजे पुढे श्रद्धेसाठी पहिला रक्तसाक्षी झालेला संत स्तेफन. विधवेच्या पानात पडणाऱ्या अन्नाला आरंभीच्या ख्रिस्तसभेने किती मान दिला होता, ते यावरून दिसते.

त्यानंतरची एक हकीकत फ्रान्समधील शातियों या लहानशा गावची आहे. सन १६१७. संत व्हिन्सेंट द पॉल त्या वेळी तेथे धर्मगुरू होते. ऑगस्टमधील एका रविवारी ते मिस्साची वस्त्रे घालीत असता एका बाईने येऊन सांगितले की, गावाबाहेरील एका घरी सर्वच्या सर्व माणसे आजारी पडली असून त्यांना पाणी देण्यासही कोणी उरलेले नाही. व्हिन्सेंटनी प्रवचनात ती गोष्ट लोकांच्या कानी घातली. दुपारनंतर ते स्वतः त्या घराकडे निघाले, तो वाटेत काय दृश्य! गावातील स्त्रिया अन्न घेऊन थव्याथव्याने चाललेल्या, काही परतणाऱ्या, काही उन्हाने थकून झाडांखाली विसावलेल्या.

कोणाही धर्मगुरूचे मन असे दृश्य पाहून भरून आले असते. व्हिन्सेंटचेही आले, परंतु त्याच वेळी त्यांच्या मनात एक व्यवहारी विचारही आला. आज या गरिबांकडे इतके अन्न जमले की त्यातील बरेचसे नासून जाईल, आणि उद्या ते पुन्हा पूर्वीइतकेच उपाशी! दया पुष्कळ आहे, तिला वळण नाही. तीनच दिवसांनी त्यांनी काही स्त्रियांना एकत्र केले आणि पाळी लावून दिली. आज हिने रांधायचे व न्यायचे, उद्या तिने. पुढे त्यांनी या मंडळासाठी नियमावली लिहिली. तीत रुग्णापुढे अन्न कसे मांडावे, त्याचे हात कसे धुवावे, हसतमुखाने दोन शब्द कसे बोलावे, येथवर बारीक सूचना आहेत.

आणखीही एक बोध त्याच इतिहासात आहे. पुढे पॅरिसमध्ये श्रीमंत घरच्या स्त्रिया या मंडळात आल्या. काही काळ त्या स्वतः गेल्या. मग कित्येकींनी आपल्याऐवजी नोकरमाणसांना पाठविण्यास सुरुवात केली. अन्न पोहोचत होते, पण त्यामागचे मन पोहोचत नव्हते. या अडचणीतूनच गरिबांची सेवा आपल्या हातांनी करणाऱ्या खेडवळ मुली पुढे आल्या, आणि १६३३ साली संत लुईज द मारियाक यांच्या साहाय्याने त्यांचा संघ उभा राहिला. त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १८३३ साली, फ्रेडरिक ओझानाम या विशीतील विद्यार्थ्याने आपल्या मित्रांसह, संत व्हिन्सेंटच्या नावाने आज जगभर चालणाऱ्या संस्थेचा पाया घातला. गरिबाच्या घरी स्वतः जाणे, हेच त्यांचे पहिले काम होते.

विसाव्या शतकात हे कार्य धर्मसंस्थेबाहेरही पसरले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील अनेकांची घरे बाँबने उद्ध्वस्त झाली. लेडी रेडिंग यांनी १९३८ साली स्थापिलेल्या स्त्रियांच्या स्वयंसेवी संघटनेने अशा लोकांना ऊन जेवण पोहोचविले. हेमेल हेम्पस्टेड या गावी १९४३ साली चाललेल्या कामाची आठवण मोठी गोड आहे. मुलांच्या जुन्या ढकलगाड्यांतून जेवण नेत, आणि ते निवू नये म्हणून भोवती पेंढा व जुन्या लोकरी टोप्या लावीत. ऑस्ट्रेलियात डोरिस टेलर या बाईंनी १९५४ साली पोर्ट ॲडलेड येथे पहिले स्वयंपाकघर उघडले. लहानपणीच्या अपघातामुळे त्या स्वतः चाकांच्या खुर्चीला खिळलेल्या होत्या. पहिल्या दिवशी अवघ्या आठ जणांना जेवण गेले. पेंढा, जुन्या टोप्या आणि आठ पाने! साधने नाहीत, म्हणून आपणांस हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता आमच्या बेळगाव-खानापूरच्या बाजूची गोष्ट सांगतो. एका धर्मग्रामात हे काम आम्ही जवळून पाहिले आहे, त्यात आमचा थोडा हातभारही लागला आहे आणि त्यातील चुकांत वाटाही आहे. उपवासकाळातील एका प्रवचनानंतर नावे देण्यास रांग लागली. पहिल्या रविवारी कोणी पुलाव केला, कोणी मटण, कोणी गोडधोड. शातियोंची गोष्ट जणू नव्याने घडली! एका आजींना मटण चावेना, एका आजोबांना मधुमेह. एका मावशींनी उरलेले रात्रीसाठी फडताळात झाकून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पोटाचा त्रास झाला. आम्ही वरमलो. मग सिस्टरांनी वही काढली. कोणास मीठ कमी, कोणास साखर वर्ज्य, कोणास भाकरी दुधात कुस्करून हवी, हे घरोघर विचारून लिहिले. तेव्हापासून मऊ भात, मुगाचे वरण, दुधी किंवा पडवळाची भाजी, कधी अंडे, कधी काटे काढलेला मासा, असा साधा क्रम ठरला.

एका घरी निराळाच प्रसंग आला. सेवानिवृत्त शिक्षक असलेले एक आजोबा दारातच म्हणाले, "फादरांना माझा नमस्कार सांगा. आम्ही अद्याप भीक मागण्याच्या स्थितीस आलो नाही." डबा नेणारा मुलगा कॉलेजातला. तो हिरमुसला होऊन परतला. दुसऱ्या दिवशी एक अनुभवी बाई गेल्या. डबा पिशवीतच ठेवून त्या म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या वहीचा हिशेब कोणास जमत नाही. तुम्ही पाहाल का? आणि जेवणाचे जे काय पडतील ते तुम्ही महिन्याचे महिन्याला द्या." गुरुजींनी चष्मा पुसला. आज वहीवरील सुंदर अक्षर त्यांचेच आहे. परसातील शेवग्याच्या शेंगाही त्यांच्याकडून येतात. घेणाऱ्याला देण्याची वाट मोकळी ठेवली, म्हणजे त्याची मान ताठ राहते.

खरी कसोटी पावसाने घेतली. जुलैत खानापूरकडचा पाऊस कसा कोसळतो, ते तिकडच्या वाचकांस सांगावयास नको. रांगेतील नावे एकेक करून गळू लागली. एका भर पावसाच्या दुपारी, 'आज एक दिवस नाही गेलो तर काय बिघडेल?' असे म्हणता म्हणता दोघी जणी निघाल्या. शेवटच्या घरी हाका मारूनही दार उघडेना. शेजारच्यांना बोलावून कडी काढविली, तो आजी सकाळपासून न्हाणीघरात पडलेल्या, अंग गार, पण शुद्धीवर. वेळेवर दवाखान्यात नेल्यामुळे त्या वाचल्या. पुढे त्या म्हणाल्या, "बारा वाजले की तुम्ही येणार हे ठाऊक होते. घंटेची वाट पाहत होते." ज्यांनी नावे मागे घेतली होती, त्यांतील बरेच जण हे ऐकून परत आले.

ज्यांना आपल्याकडे हे काम आरंभावयाचे असेल, त्यांच्यासाठी अनुभवाच्या काही गोष्टी येथे देतो. आरंभ थोड्या घरांनी करावा. जेवढी पाने सहज निभतील, तेवढीच घ्यावी. नेहमी दोघांनी मिळून जावे, आणि प्रत्येक जोडीसाठी बदली जोडी नेमून ठेवावी. अन्न चुलीवरून उतरताच डब्यात भरावे. ऊन जेवण साठ अंशांहून अधिक तापलेले राहावे आणि शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक वेळ बाहेर निवत ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उष्णता टिकविणारे डबे नसल्यास डबा टॉवेलात व गोधडीत गुंडाळावा, आणि वाटेत गप्पा मारीत उभे राहू नये. रात्रीसाठी ठेवू नका, असे प्रेमाने सांगावे. पाण्याचा पेला भरून हाती द्यावा. दार उघडले नाही तर कोणास कळवावयाचे, ते आधीच लिहून ठेवावे. कोणाच्याही पैशाच्या व्यवहारात पडू नये. आणि एका घरचे बोलणे दुसऱ्या घरी नेऊ नये. जाती-धर्माचा विचार तर मनातही आणू नये. भुकेला मनुष्य कोणत्या देवळात जातो, हे डब्याने विचारावयाचे नसते.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धजन यांचा जागतिक दिन म्हणून नेमून दिला. प्रभू येशूचे आजी-आजोबा, संत योवाकिम व संत आन्ना, यांचा सण २६ जुलैला येतो, त्याच्या आगेमागे हा रविवार असतो. त्या दिवशी वृद्धांना पुष्पगुच्छ देण्याची प्रथा पडू पाहत आहे. फूल अवश्य द्यावे. पण सोमवारी दुपारी त्याच दारी डबा घेऊन कोण जाणार, हेही त्याच रविवारी ठरवावे.

शेवटी पुन्हा शातियोंकडेच वळतो. संत व्हिन्सेंटच्या त्या नियमावलीत एक सूचना अशी आहे की, ज्याच्या घरी सोबतीला कोणी आहे, त्याच्यापासून वाढण्यास आरंभ करावा, आणि जो अगदी एकटा आहे, त्याच्याकडे सर्वांच्या शेवटी जावे, म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ बसता येईल. चारशे वर्षे लोटली, तरी यापेक्षा शहाणपणाची सूचना आमच्या वाचनात आली नाही.

वाचकहो, तुमच्या गल्लीत असे शेवटचे घर कोणते, हे तुम्हांस ठाऊक असेलच. उद्या बारा वाजता घंटा होईल, तेव्हा त्या दाराची आठवण ठेवा. डबा रिकामा होईपर्यंत तेथे बसा. आजींना पुन्हा तीच जुनी गोष्ट सांगू द्या, आणि ती प्रथमच ऐकत आहात असे ऐका. 'मी भुकेला होतो' असे म्हणणारा प्रभू त्या दाराआड तुमची वाट पाहत आहे.